सभागृहातील पाहुणे

परदेशाच्या संसदेचे शिष्टमंडळ दिल्लीस आले म्हणजे लोकसभेत त्याचे स्वागत साधेपणाने होते. पाहुणे विशेष कक्षात बसतात. अध्यक्ष सभागृहाच्या वतीने त्यांचे स्वागत करतात आणि सत्तारूढ व विरोधी असे सर्वच सभासद बाके वाजवून त्यात सहभागी होतात. त्यांत ठाणे व कल्याण मतदारसंघांचे प्रतिनिधीही असतात. म्हणून हे स्वागत ठाण्या-डोंबिवलीच्या मतदारांचेही असते.

भूतान हा आपला शेजारी देश. तेथील राजांनी आपण होऊन प्रजेच्या हाती सत्ता सोपविली. २००८ साली खालच्या सभागृहाची पहिली निवडणूक झाली. ४७ पैकी ४५ जागा एकाच पक्षास मिळाल्या; विरोधी बाकांवर अवघे दोन सभासद उरले. परंतु २०१३ साली त्या दोघांच्याच पक्षास ३२ जागा मिळाल्या आणि शांततेने सत्तांतर झाले. पराभूतांनी निकाल मान्य केला व ते विरोधी बाकांवर जाऊन बसले.

अशा नवोदित लोकशाहीचे प्रतिनिधी येतात, तेव्हा त्यांचे लक्ष हारतुऱ्यांपेक्षा कामकाजाकडे असते. मंत्री प्रश्नांना उत्तरे देतात काय? थोड्यांचे म्हणणे ऐकून घेतले जाते काय? गोंगाटाने सभागृह बंद पडले, तर पाहुण्यांनी कोणता धडा घ्यावा? नीट चाललेले सभागृह हेच त्यांचे खरे आदरातिथ्य होय.

स्वाध्याय
१. भूतानमधील सत्तांतराचे वैशिष्ट्य कोणते?
२. वर्गसभेत थोड्यांचे मत का ऐकावे?