निधीचं शीर्ष बदललं तरी गावचं सेवा केंद्र चालू ठेवण्याची कृती

भंडारा जिल्ह्यात धान निघाला की ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रापुढे गर्दी वाढते. आधारभूत खरेदी केंद्रावर धान विकायचा तर ऑनलाइन नोंदणी लागते आणि नोंदणीला चालू सातबारा लागतो. ज्या घरात स्मार्टफोन नाही, त्यांचं इंटरनेट म्हणजे पंचायतीच्या खोलीतला तो एक संगणक. तुमसर असो की लाखांदूर, तो बंद पडला तर माणसाला तालुक्याचा रस्ता धरावा लागतो. भाडं जातं आणि दिवसाची मजुरीही बुडते.

हे केंद्र बंद पडतं ते बहुतेक वेळा पैशाच्या वळणावर. 2011 मध्ये ‘संग्राम’ प्रकल्प आला, तो तेराव्या वित्त आयोगाच्या पैशावर. तो 2015 अखेर संपला आणि 2016 मध्ये ‘आपले सरकार सेवा केंद्र’ आलं, चौदाव्या आयोगाच्या पैशावर. त्या व्यवस्थेत एका केंद्रामागे महिन्याला 12,331 रुपये, म्हणजे वर्षाला 1,47,972 रुपये पंचायतीकडून जात. पुढे पंधरावा आयोग आला. त्याची मुदत 2025-26 सोबत संपते आणि 2026-27 ते 2030-31 ही पाच वर्षं सोळाव्या आयोगाची आहेत. प्रत्येक वेळी शीर्ष बदलतं, निकष बदलतात, पहिला हप्ता यायला वेळ लागतो आणि मधल्या महिन्यांत वीजबिल थकतं. हे महिने गावाला स्वतःच्या बळावर काढता यावेत, यासाठी ही कृती आहे. सरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी, केंद्रचालक किंवा गावातला कुणीही जाणता मतदार ती सुरू करू शकतो.

आधी हे जमवा

- चालू वर्षाचं अंदाजपत्रक (नमुना 1)
- ई-ग्रामस्वराज पोर्टलवरचा गावाचा मंजूर विकास आराखडा. तो कुणालाही पाहता येतो
- केंद्राची मागच्या बारा महिन्यांची बिलं: वीज, इंटरनेट, कागद, टोनर, दुरुस्ती
- केंद्रातून दिलेल्या दाखल्यांची नोंदवही आणि पावतीपुस्तकं
- संगणक, प्रिंटर, बॅटरी, बोटाच्या ठशाचं यंत्र यांची यादी, खरेदीच्या वर्षासह

पायरी 1 : खर्चाचे तीन ढीग करा

पहिल्या ढिगात यंत्रं, म्हणजे चार-पाच वर्षांतून एकदा येणारा खर्च. दुसऱ्यात चालू खर्च: वीज, इंटरनेट, कागद, दुरुस्ती. तिसऱ्यात केंद्रचालकाचा मोबदला. हे तिन्ही एका आकड्यात कोंबले की कोणता खर्च कुठून भागवायचा तेच दिसत नाही. निधी थांबला की सगळंच थांबतं, त्याचं मूळ इथे आहे.

पायरी 2 : कोणता पैसा कशाला चालतो ते तपासा

पंधराव्या आयोगाच्या अनुदानात 2021-22 पासून 60 टक्के रक्कम बंधित होती. ती पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायची. उरलेली 40 टक्के अबंधित, पण तीही पगार आणि आस्थापना खर्चाला वापरता येत नव्हती. म्हणून केंद्राची रक्कम पगार म्हणून न दाखवता सेवेचा मोबदला म्हणून आराखड्यात येई. सोळाव्या आयोगाच्या मार्गदर्शक सूचना पंचायत समितीतून लेखी मागवा आणि तीन प्रश्न विचारा: अबंधित हिस्सा किती? सेवा केंद्राचा खर्च त्यात बसतो का? चालकाच्या मोबदल्याचा आदेश कोणता? तोंडी उत्तरावर अंदाजपत्रक बांधू नका.

पायरी 3 : केबलचा निधी वेगळा, हे लक्षात ठेवा

पंचायतीपर्यंत आलेली भारतनेटची केबल वित्त आयोगाच्या पैशातली नाही. दूरसंचार कंपन्यांकडून घेतलेल्या आकारणीतून सार्वत्रिक सेवा दायित्व निधी उभा राहिला. 2023 च्या दूरसंचार कायद्याने त्याला ‘डिजिटल भारत निधी’ हे नाव दिलं. या निधीतून केबल आणि जोडणी येते, गावचं वीजबिल नाही. त्यामुळे तक्रारही योग्य दारी जायला हवी. पंचायतीतल्या छोट्या डब्यावर ‘लॉस’ नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल, तर केबलमधून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोचत नाही. बहुधा रस्त्याच्या किंवा नळयोजनेच्या खोदकामात केबल तुटलेली असते. ‘पॉन’चा हिरवा दिवा स्थिर आहे आणि तरी इंटरनेट नाही, तर बिघाड पुढे आहे. एकही दिवा लागत नसेल तर आधी बॅटरी बघा. तक्रार नोंदवताना कोणता दिवा कसा होता, हे तारखेसह लिहा.

पायरी 4 : चालू खर्च ग्रामनिधीवर घ्या

या कृतीचा कणा हाच आहे. घरपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी हे गावाचं स्वतःचं उत्पन्न; ते कोणत्याही आयोगाच्या मुदतीला बांधलेलं नाही. दुसऱ्या ढिगाची जबाबदारी यावर टाका. उदाहरणादाखल समजा, महिन्याला वीज 800, इंटरनेट 700, कागद-टोनर 1,500 आणि दुरुस्तीसाठी 500 लागतात. महिन्याचे 3,500, वर्षाचे 42,000. पाचशे घरांच्या गावात हा भार घरामागे महिन्याला सात रुपये पडतो. स्वतःच्या बिलांवरून स्वतःचा आकडा काढा आणि तो असाच घरामागे मांडा. लोकांना तो लगेच समजतो आणि थकलेली घरपट्टी भरण्याचं एक कारणही मिळतं.

गाव फारच लहान असेल तर शेजारच्या ग्रामपंचायतीशी बोला. दोन गावांनी एक केंद्र वाटून घेतलं, वार ठरवून दिले, तरी दोन्हीकडे सेवा राहते.

पायरी 5 : पूरक पैसा शोधा

पंचायतीच्या उत्पन्नातला 10 टक्के हिस्सा महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी राखीव असतो. दुपारच्या रिकाम्या वेळेत बचतगटाच्या महिलांना संगणक शिकवण्याचा खर्च पहिल्यातून, आणि दाराशी उतार किंवा खाली आणलेलं टेबल दुसऱ्यातून प्रस्तावित करा.

दुसरी वाट पीएम-वाणी योजनेची. डिसेंबर 2020 मध्ये केंद्राने तिला मंजुरी दिली. किराणा दुकानदारालाही परवान्याशिवाय सार्वजनिक वायफाय देता येतं. त्याने फक्त नोंदणीकृत एकत्रीकरण कंपनीशी जोडून घ्यायचं. अशा वायफाय केंद्रांना 200 एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीसाठी घरगुती दराच्या दुपटीहून जास्त आकारू नये, असा आदेश दूरसंचार नियामकाने जून 2025 मध्ये काढला. वायफायची कूपनं विकून आलेल्या पैशातून निदान इंटरनेटचं बिल निघतं का, ते तीन महिने पाहा. तोवर त्यावर विसंबू नका.

पायरी 6 : ठराव ग्रामसभेत घ्या

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या ग्रामसभांच्या नेहमीच्या तारखा. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची तयारी 2 ऑक्टोबरपासून सुरू होते, म्हणून विषय त्याच नोटिशीवर आणा. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी संख्या लागते. आदल्या महिला सभेतही विषय घ्या, कारण केंद्रात सगळ्यात जास्त हेलपाटे बायांनाच पडतात. ठराव असा लिहिता येईल:

‘येत्या आर्थिक वर्षापासून सेवा केंद्राचा वीज, इंटरनेट, कागद व दुरुस्तीचा खर्च ग्रामनिधीतून करण्यात यावा. वित्त आयोगाचा हप्ता येईपर्यंत केंद्र बंद ठेवू नये. केंद्राचा जमाखर्च प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवावा.’

सूचक आणि अनुमोदकाची नावं, ठराव क्रमांक आणि तारीख घातल्याशिवाय सभा सोडू नका.

पायरी 7 : ठराव आकड्यात उतरवा

ठराव इतिवृत्तात राहिला आणि नमुना 1 मध्ये तरतूद झाली नाही, तर खर्च करता येत नाही. अंदाजपत्रकात केंद्राची वेगळी ओळ आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. वर्ष सुरू झालं असेल तर नमुना 2 मधून पुनर्विनियोजन करून घ्या. यंत्रांची खरेदी विकास आराखड्यात टाका आणि ती ई-ग्रामस्वराजवर दिसते का, तपासा.

पायरी 8 : केंद्राच्या दारावर फलक लावा

सेवेचं नाव, शासकीय शुल्क, लागणारी कागदं आणि दाखला मिळण्याची मुदत एवढं त्यावर हवं. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने या मुदती बांधून दिल्या आहेत. खाली केंद्राची वेळ आणि महिन्याचा जमाखर्च खडूने लिहा.

ही काळजी घ्या

- तिसरा ढीग विसरू नका. चालकाचा मोबदला थकला की उत्तम यंत्रंही धूळ खातात. थकलेल्या महिन्यांची यादी पंचायतीच्या पत्रासह गटविकास अधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या.
- रोवणीच्या दिवसांत चिखलात काम करून बोटांचे ठसे झिजतात, यंत्र अंगठा घेत नाही. नवं यंत्र घेताना डोळ्याच्या बुबुळाची नोंद घेणारं यंत्र मागा. म्हातारी माणसं रिकाम्या हाताने परतणार नाहीत.
- पावती दिल्याशिवाय एक रुपयाही घेऊ नका. पुढच्या ठरावाला लोकांचे हात वर होतात ते याच विश्वासावर.

आयोगाचा पैसा येईल तेव्हा त्यातून नवा संगणक, चांगली बॅटरी, जास्तीची खुर्ची जरूर घ्या. पण केंद्राचा रोजचा खर्च गावाच्या स्वतःच्या अंदाजपत्रकात असू द्या. ज्या गावाने हे केलं, तिथे निधीचं शीर्ष बदललं तरी सातबारा निघायचा थांबत नाही.