उन्हाळा, पावसाळा आणि घरातील फ्रीज

आमच्या उमरखेड भागातील बागाईतदारांचे घरी आता फ्रीज ही नवलाची वस्तू राहिलेली नाही. दूध, दही, भाजी तर त्यात असतेच. शिवाय घरातील मधुमेही माणसाचे इन्सुलिन आणि शेळ्यांच्या लसीची बाटलीही आपण त्याच्याच भरवशावर ठेवितो. परंतु हे यंत्र बारा महिने सारखेच काम देते अशी जी सर्वसाधारण समजूत आहे, ती बरोबर नाही. पाऊसपाण्यावर जसे पीक, तसेच बाहेरच्या हवेवर फ्रीजचे काम अवलंबून असते. ते कसे, हे थोडे विस्ताराने सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, फ्रीज थंडी निर्माण करीत नाही. विहिरीवरील पंप जसा पाणी निर्माण करीत नाही, खालचे पाणी उचलून वर टाकितो, तद्वत फ्रीज आतील उष्णता उचलून बाहेर खोलीत टाकितो. आतील नळ्यांत एक द्रव असतो. त्याची वाफ होताना तो आतली उष्णता शोषून घेतो. ही वाफ कॉम्प्रेसर दाबतो, तेव्हा ती बरीच तापते, आणि पाठीमागील जाळीतून फिरताना आपली उष्णता खोलीतील हवेस देऊन पुन्हा द्रवरूप होते. नव्या बनावटीत ही जाळी बाजूच्या पत्र्याआड दडविलेली असते, म्हणून तो पत्रा हातास गरम लागतो. उष्णता नेहमी अधिक तापलेल्या वस्तूकडून कमी तापलेल्या वस्तूकडे जाते. सबब जाळी खोलीतील हवेपेक्षा अधिक तापली तरच काम चालावयाचे. विहिरीचे पाणी खोल गेले म्हणजे पंपास जसे अधिक उंच चढवावे लागते, तशीच स्थिती खोली तापल्यावर कॉम्प्रेसरची होते.

याचा हिशोब पाहू. पौषात खोलीचे तापमान २५ अंश व फ्रीजच्या आत ४ अंश असेल, तर दोहोंतील अंतर २१ अंशांचे झाले. वैशाखात तीच खोली ४३ अंशांवर गेली की अंतर ३९ अंशांचे होते. भिंतीतून आत झिरपणारी उष्णता या अंतराच्या प्रमाणात असते; म्हणजे ती पावणेदोनपटीहून अधिक झाली. त्यातून प्रत्येक वाटा बाहेर टाकण्यास पूर्वीपेक्षा जास्त वीज लागते ती निराळीच. तेव्हा त्या महिन्यात फ्रीजची वीज दुपटीवर गेली तर मीटरला दोष देऊ नये.

यंत्राच्या सोसण्यालाही सीमा आहे. फ्रीज कोणत्या हवेकरिता बांधला, हे दाखविणारी अक्षरे पुष्कळदा आतील किंवा पाठीमागील पट्टीवर छापलेली असतात. ‘एन’ म्हणजे १६ ते ३२ अंश, ‘एसटी’ म्हणजे १६ ते ३८, व ‘टी’ म्हणजे १६ ते ४३ अंश. आमच्याकडे वैशाखात पारा ४२-४४ वर जातो, आणि पत्र्याच्या छपराखालची खोली त्याहूनही तापते. अर्थात सर्वांत दणकट वर्गाचा फ्रीजही आमच्या उन्हाळ्यात आपल्या सीमेवर उभा असतो. विकत घेताना रंग व दाराची फुले पाहणारे पुष्कळ. ही अक्षरे पाहणारा विरळा.

आमची स्वतःची चूक येथे सांगणे अवश्य आहे. आमचा फ्रीज पश्चिमेकडील पत्र्याच्या खोलीत, भिंतीस अगदी खेटून होता. शेळ्यांना आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी टोचावयाची असते, म्हणजे ती बाटली घरात येते ती नेमकी ऐन उन्हाच्या दिवसांत. ही लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. आम्ही ती दाराच्या कप्प्यात ठेविली. दुसरे दिवशी तिसऱ्या प्रहरी सहज म्हणून त्या कप्प्यात थर्मामीटर ठेवून पाहिला, तो १५ अंश! बाटली दिसावयास जशीच्या तशी होती. बिघडलेली लस डोळ्यांना ओळखू येतेच असे नाही. ती टाकून दुसरी आणावी लागली. त्याच्या आदल्या वर्षी लस देऊनही आमची दोन करडे दगावली होती व आम्ही लसीस नावे ठेविली होती. तो दोष लसीचा होता की आमच्या खोलीचा, याचा निवाडा आता होणे नाही.

यानंतर फ्रीज मधल्या माळवदी खोलीत हलविला. भिंतीपासून चार-सहा बोटे अंतर सोडावे, बाजूंनीही हवा खेळती राहील असे पाहावे, आणि चूल किंवा गॅसची शेगडी शेजारी नसावी. कापूस भावाची वाट पाहत घरातच भरून ठेवण्याची आपल्याकडे चाल आहे. त्याचा तंतू व धूळ जाळीवर बसून गोधडीसारखा थर होतो आणि उष्णता बाहेर पडेनाशी होते. शिमग्यापूर्वी प्लग काढून मऊ कुंच्याने जाळी एकदा स्वच्छ करावी. लस किंवा औषध दारात कधीही ठेवू नये, कारण दार उघडताच पहिली झळ तेथेच लागते. मधल्या फळीवर ठेवावे.

उन्हाळ्यात पाण्याच्या बाटल्यांसाठी दिवसातून पन्नास वेळा दार उघडले जाते. पिण्याच्या पाण्यास माठ असावा. माठाचे शास्त्र फ्रीजच्या उलट आहे: हवा जितकी कोरडी, तितके पाझरलेले पाणी लवकर उडते व माठ अधिक गार होतो. जी वैशाखाची हवा फ्रीजला जड जाते, तीच माठाला मानवते. भाजीसाठीही याच तत्त्वावर नवी दिल्ली येथील भारतीय कृषि अनुसंधान संस्थेने विजेवाचून चालणारा शीतकक्ष तयार केला आहे. विटांच्या दुहेरी भिंतींमध्ये सुमारे साडेसात सेंटिमीटर जागा ठेवून तीत वाळू भरतात व ती ओली राखतात. वांगी, टोमॅटो, पालेभाजी त्यात ठेविल्यास फ्रीजवरील भार कमी होतो.

श्रावणात चित्र पालटते. माठ गार होत नाही. ऊन नाही म्हणून फ्रीजला सुख असेल असे वाटते, पण तेही पुरते खरे नाही. दमट हवा आत शिरली की तिच्यातील बाष्पाचे पाणी व पुढे बर्फ होतो. एक ग्रॅम बाष्पाचे पाणी होताना सुमारे ६०० कॅलरी व त्याचा बर्फ होताना आणखी ८० कॅलरी उष्णता सुटते; ती सर्व कॉम्प्रेसरलाच बाहेर टाकावी लागते. शिवाय साध्या फ्रीजमध्ये बर्फाचा थर साचून तो थंडावाच अडवितो. थर अर्ध्या सेंटिमीटरच्या वर गेला की फ्रीज बंद करून वितळू द्यावा. सुरीने खरवडू नये, नळी फुटते. दाराच्या रबरात कागद धरून दार लावावे. कागद सहज ओढला गेला तर रबर ढिला झाला असे समजावे.

हिवाळ्यात धोका निराळाच आहे. उन्हाळ्यात जोरावर लावलेले बटण तसेच राहिले, तर बर्फाच्या कप्प्यालगतच्या वस्तू गोठू लागतात. गोठलेले इन्सुलिन व गोठलेली आंत्रविषाराची लस दोन्ही निरुपयोगी होत. ती पुन्हा पातळ झाली तरी वापरू नयेत. दिवाळीनंतर बटण उतरवावे. फ्रीज उघड्या ओसरीवर मात्र नसावा. तेथे पौषातील रात्री फारच गारठा पडला म्हणजे यंत्र आत पुरेसे गार आहे असे समजून थांबून राहते, आणि बर्फाच्या कप्प्यातील जिन्नस उलट मऊ पडतात.

राहता राहिली वीज. ती गेल्यावर दार न उघडल्यास फ्रीज सुमारे चार तास गारवा धरतो, असा अमेरिकेतील सरकारी सल्ला आहे. आमच्या वैशाखात तितका भरवसा धरू नये. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या पाऊण भरून बर्फाच्या कप्प्यात गोठवून ठेवाव्या. एक किलो बर्फ वितळताना जी उष्णता शोषितो, तिच्यात एक किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापले असते. वीज गेली की त्या बाटल्या खालच्या कप्प्यात आणाव्या. मात्र लसीस किंवा इन्सुलिनला चिकटवू नयेत. वीज परत येताच पाच मिनिटे थांबून मग फ्रीज सुरू करावा, आणि शेतीपंप चालू असताना दिवे मंद होत असतील तर स्टॅबिलायझर लावावा. कमी दाबावर कॉम्प्रेसर फिरत नाही, नुसता गुरगुरतो व तापतो. तो आवाज ऐकू आला की प्रथम बटण बंद करावे.