चला, पत्रावळ लावू या

मे महिना. मुलं आजोळी आली आहेत, विहिरीत डुंबून झालंय, भातसा धरण बघून झालंय, आणि दुपारी बारानंतर अंगणात पाय ठेवायची सोय नाही. अशा दिवशी घरातल्या सगळ्यांनी मिळून करायचं एक काम सांगते. सकाळी पळसाची पानं आणायची, दुपारी ओटीवर बसून पत्रावळी लावायच्या आणि रात्री त्यांच्यावरच जेवायचं. शहापूर असो की मुरबाड, डोळखांब असो की धसई, माळावर आणि शेताच्या बांधावर पळस सापडतोच. पैसे लागत नाहीत, पण क्रम चुकवायचा नाही. मी सांगते तसं एकेक करत चला.

चार माणसांसाठी लागेल ते आधी काढून ठेवा: पळसाच्या पानांचे २५ देठ, एक जुनं सुती धोतर किंवा पंचा, एक टोपली, नारळाच्या खराट्याचे २५-३० हीर, एक लहान कात्री, दोन पाट आणि एक जड पाटा. एका देठाला पानं तीनच असतात, म्हणजे ७५ पानं होतील. पत्रावळीला ९, द्रोणाला २. चार पत्रावळी आणि चार द्रोण धरले तर ४४ पानं लागतात. उरलेली सरावात फाटतील, फाटू द्या.

१. आदल्या संध्याकाळी झाड ठरवा आणि ज्याच्या बांधावर आहे त्याला विचारून या. तानसा अभयारण्याच्या हद्दीत किंवा सिद्धगडाकडे भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत पान तोडायचं नाही. गावातलं, मालकीचं झाडच धरा.

२. सकाळी सातच्या आत घराबाहेर पडा. नऊनंतर पानं उन्हानं मलूल होतात आणि मुलंही.

३. सगळ्यांना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट घाला. वाटेत खाजकुयलीच्या वाळक्या शेंगा लटकलेल्या असतात. तपकिरी, मखमली दिसतात, मुलांचा हात आपोआप तिकडे जातो. ती शेंग आधीच लांबून दाखवून ठेवा.

४. झाडाखाली पोचलात की आधी काठीनं बुंध्याजवळचा पालापाचोळा हलवा. फुरसं पाचोळ्यात बेमालूम बसतं. मोठ्या माणसानं हे काम करायचं, मुलं दहा पावलं मागे.

५. आता फांदीकडे वर बघा. लाल मुंग्यांची रांग किंवा सुरवंट दिसले तर ते झाड सोडा आणि पुढचं बघा.

६. पान निवडायला शिका. तांबूस, लुसलुशीत पान घेऊ नका, ते टाका धरत नाही. बोटांनी दुमडल्यावर कडकन मोडतं तेही नको. हिरवंगार, जाडसर, दुमडलं तर चामड्यासारखं वाकणारं पान आपलं.

७. तिन्ही पानांसकट देठ तोडा. फांदी ओढून मोडू नका. एका झाडावरून पाच-सहा देठ पुरेत, मग दुसऱ्या झाडाकडे वळा.

८. पानं ओल्या पंचात गुंडाळून टोपलीत आडवी ठेवा. कोंबलीत तर घरी पोचेपर्यंत चुरगळतील. येताना जाळीत करवंदं दिसणारच, आणि तोडल्याशिवाय कुणी पुढे सरकणार नाही. तोडा, पण वेगळ्या पिशवीत ठेवा. करवंदाचा चीक पानांना लागला की निघत नाही.

९. घरी आल्यावर पानं सावलीत काढा आणि देठापासून एकेक सुटं करा. कडेला कात्री लावू नका. फक्त देठाचा टोचणारा तुकडा उडवा.

१०. दोन ढीग करा. मधलं पान गोल आणि दोन्ही बाजूंना सारखं असतं, तो एक ढीग. बाजूची दोन पानं जरा तिरकी असतात, तो दुसरा. हे काम पाच-सहा वर्षांच्या मुलांना द्या. ती मोठ्यांपेक्षा चोख करतात.

११. प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी धुवा. वरची बाजू गुळगुळीत असते, ती पटकन स्वच्छ होते. खालच्या बाजूला बारीक लव असते आणि सगळी धूळ तिथेच बसते. त्या बाजूला ओल्या फडक्यानं शिरेकडून कडेकडे पुसा. उलटं पुसलंत तर पान चिरतं.

१२. पुसून कोरडी केलेली पानं दोन पाटांमध्ये ठेवा, वर पाटा ठेवा आणि अर्धा तास विसरून जा. उन्हात मात्र वाळत घालू नका. आपल्याला पान सपाट आणि किंचित मऊ हवंय, कुरकुरीत नको.

१३. तेवढ्या वेळात खराट्याचे हीर पाण्यात भिजवा. जाड असतील तर उभे चिरा. कोरडा हीर टाका घालताना मधेच मोडतो.

१४. हिराचं एक टोक तिरकं छाटून अणकुचीदार करा. छाटायचं काम मोठ्यांचं. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते: घाई झाली म्हणून स्टेपलर आणू नका. पीन निसटून भातात पडली तर दिसतसुद्धा नाही.

१५. आता टाका शिका. इथे थांबा, घाई करू नका, सगळी पत्रावळ या एका गोष्टीवर उभी आहे. एक फाटकं पान घ्या, दुसरं त्याच्यावर दोन बोटं चढवा, दोन्हींची गुळगुळीत बाजू वर. डाव्या हाताचा अंगठा वर आणि पहिलं बोट खाली, अशी ती चिमटीत धरा. उजव्या हातानं हीर खालून वर काढा. करंगळीच्या नखाएवढं अंतर सोडून तोच हीर वरून खाली घाला. म्हणजे दोन्ही टोकं खालच्या बाजूला राहिली आणि वर फक्त एक बारीकशी रेघ दिसते. खाली अर्धा सेंटिमीटर ठेवून उरलेला हीर मोडून टाका. टोचताना चिमटीतलं बोट हिराच्या वाटेतून बाजूला ठेवा. पहिला टाका प्रत्येकाच्या बोटात जातो, दुसरा जायला नको.

१६. तोच टाका फाटक्या पानांवर पाच-सहा वेळा घाला. हीर पानाच्या शिरांना आडवा गेला पाहिजे. शिरेच्या ओळीनं गेला की पान सरळ रेषेत फाटतं. आणि कडेपासून थोडं आत टोचा. कडेला टोचलेला टाका ताट उचलताच सुटतो. शेजारी कुणी आजी पत्रावळी लावणाऱ्या असतील तर मुलांना तासभर त्यांच्याजवळ बसवा. त्यांची बोटं गप्पा मारता मारता जे करतात ते लिहून पुरतं सांगता येत नाही.

१७. पहिल्या पत्रावळीसाठी तिरक्या ढिगातलं एक पान पाटावर ठेवा. निमुळतं टोक मध्यभागाकडे, रुंद गोल बाजू बाहेर. गुळगुळीत बाजू वर आहे ना, पुन्हा एकदा बघा.

१८. दुसरं पान पहिल्याच्या कडेवर एक तृतीयांश चढवा आणि दोन टाके घाला, एक मध्याजवळ, एक बाहेरच्या बाजूला. पान सरकू देऊ नका. समोर बसलेल्या मुलाला दोन्ही हातांनी दाबून धरायला सांगा.

१९. याच पद्धतीनं एकाच दिशेनं आठ पानं लावत जा. मधेच दिशा बदललीत तर गोल जमत नाही.

२०. आठवं पान सातव्याच्या वर आणि पहिल्याच्या खाली सारा, मग टाचा. हे विसरलात तर एक बाजू उचललेली राहते आणि आमटी तिथूनच पळते.

२१. मध्ये भोक राहिलं असेल. गोल ढिगातलं सर्वांत मोठं पान त्याच्यावर ठेवा आणि चार बाजूंना चार टाके घाला. हे पान वरून बसवायचं, खालून नाही.

२२. पत्रावळ उजेडाकडे धरून बघा. उजेड आरपार आला तिथे पानाचा तुकडा लावून एक टाका वाढवा.

२३. वरच्या बाजूवरून तळवा हळू फिरवा. काडी टोचली तर ती तिथेच खाली दाबा किंवा काढून पुन्हा घाला. लहान मुलाच्या पत्रावळीवरून दोनदा हात फिरवा.

२४. आता द्रोण. गोल ढिगातली दोन पानं एकमेकांवर आडवी-उभी ठेवा आणि मधोमध मूठ दाबा. वाटीसारखा खोलगा झाला की समोरासमोरच्या दोन बाजूंना चुण्या पाडून एकेक टाका घाला. टाका वरच्या काठाजवळ हवा. बुडाजवळ टोचलंत तर द्रोण गळतो.

२५. प्रत्येक द्रोणात पाणी भरून पाच मिनिटं ठेवा. खाली ओल दिसली तर त्या द्रोणात चटणी किंवा करवंदं वाढा, आमटी नको.

२६. सगळ्या पत्रावळी एकावर एक रचून पाट्याखाली तासभर दाबून ठेवा. पुढच्या रविवारसाठी जादा लावल्या असतील तर त्या सावलीत दोन-तीन दिवस वाळवा आणि कोरड्या जागी जुडी बांधून ठेवा. त्या वापरण्याआधी पाण्याचा हबका मारा, नाहीतर तडकतात. पहिल्या पावसाआधी त्या संपवा. दमट हवेत बुरशी लगेच धरते.

२७. रात्री जमीन सारवलेली असो की फरशी, पत्रावळ सपाट जागी मांडा. मांडीवर घेऊन जेवायचं ताट नाही हे.

२८. वाढताना आधी मीठ आणि लिंबू वरच्या बाजूला, डावीकडे चटणी, उजवीकडे भाजी किंवा वालाचं बिरडं. तांदळाची भाकरी असेल तर तीही आत्ताच वाढा.

२९. गरम भात मध्ये वाढा. वाफ पानाला लागली की जो वास येतो, तो स्टीलच्या ताटात मिळत नाही. मुलांना क्षणभर थांबवून तो घ्यायला सांगा.

३०. भाताचं आळं करा आणि वरण त्या आळ्यात वाढा. आमटी द्रोणातच. थेट पत्रावळीवर ओतलीत तर टाक्यांतून झिरपते.

३१. जेवण झालं की पत्रावळ आतल्या बाजूला दुमडा आणि उकिरड्यात टाका. गाईम्हशींपुढे टाकू नका, आत हीर आहेत, त्यांच्या तोंडात टोचतात. वर थोडं शेण पसरा. पावसाळा संपेपर्यंत त्या पत्रावळींचं खत झालेलं असतं.