पपईच्या व्हायरसवर औषध का नाही?

फेब्रुवारी-मार्चच्या लागवडीसाठी रोपांची नोंदणी सुरू झाली की व्हायरसवर काय फवारायचं, हा प्रश्न नंदुरबार-जळगावकडे हमखास निघतो. रिंगस्पॉट हा पपईचा विषाणूजन्य रोग बरा करणारं औषध बाजारात नाही. कितीही आकर्षक लेबलची बाटली असली, तरी नाही. त्याचा विषाणू म्हणजे सुमारे 10,300 अक्षरांचा आरएनएचा धागा आणि त्यावर प्रथिनाचं वेष्टण. पेशीत शिरल्यावर वेष्टण सुटतं आणि पपईचेच रायबोसोम तो धागा वाचून एक लांबलचक प्रथिन बनवतात. त्याचे दहाएक तुकडे होतात. त्यातला एक आरएनएच्या प्रती काढत सुटतो. या प्रती पेशींमधल्या सूक्ष्म छिद्रांतून शेजारी सरकतात आणि अन्नरसाबरोबर शेंडा गाठतात. बुरशीला स्वतःची पेशी असते, बुरशीनाशक तिच्यावर घाव घालतं. इथे कच्चा माल, ऊर्जा, बरीचशी यंत्रणा झाडाचीच. ती बंद पाडली तर झाडच बसेल.

फवारल्यावर शेंडा हिरवा झाला, असं काही बागायतदार सांगतात. तो होतोही, कारण ऊन वाढलं की लक्षणं दबतात आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांनी पानाला रंग येतो. पण देठावरच्या आणि खोडाच्या वरच्या भागावरच्या गर्द हिरव्या तेलकट रेघा बघा, फळावरची वलयं बघा. विषाणू आतच असतो. मग तो पसरवणारा मावा तरी मारावा? मावा पपईवर सहसा वस्ती करत नाही. उडत येतो, सोंड टोचून चव घेतो आणि पुढच्या झाडावर जातो. विषाणू उचलायला आणि सोडायला त्याला काही सेकंद पुरतात. कीटकनाशकाने तो मरेपर्यंत लागण झालेली असते.

म्हणून पैसा लागवडीआधी घाला. हा रोग बियाण्यातून सहसा येत नाही, माव्यातून येतो, तेव्हा कीटकरोधक जाळीतली रोपंच घ्या. बागेभोवती मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी आधीच उभ्या करा: मावा तिथे सोंड टोचतो आणि तोंडातला विषाणू तिथेच सोडतो. काकडी, भोपळा, कलिंगड आंतरपीक म्हणून नको, जुनी रोगट बाग शेजारी नको. लागण दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे पहिलं रोगट झाड दिसताच उपटा. फळधारणेला आलेलं झाड उपटायला जीव होत नाही, हे खरं. पण सुरुवातीची चार झाडं ठेवली तर विषाणूचा साठा बागेतच राहतो. निम्मी बाग पिवळी पडल्यावर मात्र उपटण्यात अर्थ नाही. तेव्हा औषधाचा खर्च थांबवून मिळेल तो माल काढावा.