घटक ५ : मराठीतील इस्लामी संज्ञा आणि त्यांचे मूळ अर्थ

५.१ प्रस्तावना

फारसी-अरबीतून मराठीत आलेल्या शब्दांची संख्या मोठी आहे. शिवकाळात ‘राज्यव्यवहारकोशा’ने त्यांना संस्कृत पर्याय सुचवले, तरीही जकात, हराम, इमान, फतवा असे शब्द मराठीत टिकून राहिले. ते आपणांस इतके परिचित आहेत की त्यांच्यासाठी शब्दकोश उघडावा असे वाटतही नाही. अडचण नेमकी येथेच आहे. एकनाथांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’ किंवा श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ वाचताना, इतकेच काय, रोजचे वृत्तपत्र वाचतानाही शब्दाचा मराठी अर्थ मूळ संज्ञेवर लादला गेला, तर अर्थाचा अनर्थ होतो.

५.२ प्राथमिक संज्ञा

ईश्वराच्या इच्छेस स्वतःला स्वाधीन करणे म्हणजे ‘इस्लाम’ आणि असे करणारा तो ‘मुस्लिम’. दोन्ही शब्दांचा अरबी धातू एकच. ‘अल्लाह’ हे केवळ मुसलमानांच्या देवाचे नाव आहे, असा समज आढळतो. परंतु अरबी बोलणारे ख्रिस्तीही ईश्वराला अल्लाहच म्हणतात. ‘पैगंबर’ म्हणजे पैगाम, अर्थात संदेश, आणणारा. हा शब्द फारसी आहे. अरबीत ‘रसूल’ किंवा ‘नबी’ म्हणतात. ‘नमाज’ आणि ‘रोजा’ हेही फारसीच. त्यांना अरबीत अनुक्रमे ‘सलात’ आणि ‘सौम’ असे शब्द आहेत. या संज्ञा आपल्याकडे इराणी वळणाने आल्या, हे यावरून ध्यानात येईल.

श्रद्धेची ग्वाही (शहादा), नमाज, जकात, रोजा आणि हज ही पाच मूलभूत कर्तव्ये मानली जातात. यांपैकी ‘जकात’ मराठी वाचकाला हमखास चकवते. आपल्याला आठवतो तो शहराच्या वेशीवरचा जकात नाका. इस्लाममध्ये मात्र जकात म्हणजे सांपत्तिक पात्रता असलेल्या व्यक्तीने वर्षभर बाळगलेल्या बचतीचा चाळिसावा भाग, म्हणजे अडीच टक्के, गरजूंना देणे. हे ऐच्छिक दान नव्हे. ऐच्छिक दानास सामान्यतः ‘सदका’ म्हणतात.

५.३ ‘हराम’ आणि ‘मोहरम’

मराठीत ‘हराम’ हा शब्द शिवीच्याच आसपास वावरतो. मक्केतील ज्या मशिदीत काबा आहे, तिचे नाव मात्र ‘मस्जिद-अल-हराम’ आहे. मराठी कानाला हे विपरीत वाटेल. मूळ धातूत निषिद्ध आणि पवित्र हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात : ज्याला वाटेल तसे हाताळता येत नाही, ज्याभोवती मर्यादा आहे, ते. आपल्याकडील ‘सोवळे’ या शब्दाची येथे आठवण व्हावी, जरी दोन्ही कल्पना एक नव्हेत. ‘हराम’च्या उलट ‘हलाल’, म्हणजे अनुज्ञात. तो केवळ मांसाला लागू नाही. प्रामाणिक कष्टाची कमाईही हलालच.

‘मोहरम’ (मुहर्रम) याच धातूचा. ज्या चार महिन्यांत युद्ध निषिद्ध मानले गेले, त्यांपैकी हा एक आणि हिजरी वर्षाचा पहिला. याच महिन्याच्या दहाव्या दिवशी, इ. स. ६८० मध्ये, पैगंबरांचे नातू हुसेन करबला येथे मारले गेले. महाराष्ट्रातील अनेक गावांत ताबूत निघतात, पंजे बसतात, हिंदूही त्यांत सहभागी होतात. त्यामुळे हा सण आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु शियांसाठी हा शोकाचा काळ आहे. त्या दिवशी झळकणारे शुभेच्छांचे फलक सद्भावनेने लावलेले असतील, पण शब्दार्थाच्या अज्ञानाचेच ते द्योतक ठरतात.

५.४ ‘इमान’ आणि ‘फतवा’

मराठीत इमान म्हणजे धन्याशी किंवा मित्राशी निष्ठा. म्हणूनच आपण कुत्र्यालाही इमानी म्हणतो. मूळ अर्थ ईश्वरावरील श्रद्धा. धार्मिक संदर्भात ‘इमान नसलेला’ म्हणजे श्रद्धाहीन, दगाबाज नव्हे.

‘फतवा’ या शब्दाबाबत तर विशेष सावध राहावे. ‘पक्षाने फतवा काढला’ या वाक्यात त्याचा अर्थ हुकूम असा होतो. वस्तुतः एखाद्याने विचारलेल्या प्रश्नावर मुफ्तीने, म्हणजे धर्मशास्त्रज्ञाने, दिलेले मत म्हणजे फतवा. निवाडा देणे हे काजीचे काम. भारतात फतव्यास कायद्याचे बळ नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. फतव्याची बातमी वाचताना म्हणून दोन प्रश्न विचारावेत : कोणी विचारले होते आणि उत्तर कोणी दिले?

स्वाध्याय

१. ‘जकात’ या शब्दाच्या मराठीतील व इस्लाममधील अर्थांत कोणता भेद आहे?
२. ‘हराम’ व ‘मोहरम’ यांचा परस्परसंबंध सोदाहरण स्पष्ट करा.
३. आपल्या परिसरातील वृत्तपत्रांत ‘फतवा’ हा शब्द कोणकोणत्या अर्थांनी येतो, याची पाच उदाहरणे नोंदवा.