संघर्षाची वाणी : जॉर्ज फर्नांडिस

राजकीय पुढाऱ्याच्या वक्तृत्वाचा विचार करताना आपण बहुधा त्याचा आवाज, त्याचे दृष्टान्त आणि त्याचे भाषाप्रभुत्व यांचीच चर्चा करतो. काही पुढाऱ्यांच्या बाबतीत मात्र भाषण आणि कृती ही दोन टोके वेगळी काढता येत नाहीत. ते बोलतात तेव्हा समोर कोणी प्रतिपक्ष आहे, असे गृहीत धरूनच बोलतात. तो नसेल तर शोधून काढतात. जॉर्ज फर्नांडिस हे या जातीचे वक्ते होते. जवळजवळ साठ वर्षांच्या सार्वजनिक जीवनात त्यांनी संपाची हाक दिली, तुरुंग भोगला, मंत्रिपदे भूषविली आणि गमावली. या साऱ्या काळात त्यांची भाषा बव्हंशी तीच राहिली, परंतु ती ज्या जागेवरून उच्चारली जात होती ती जागा बदलत गेली. त्यांच्या यशाचे आणि अपयशाचेही मर्म बऱ्याच अंशी येथे सापडते.

फर्नांडिस यांचा जन्म ३ जून १९३० रोजी मंगळूर येथे एका कोंकणी भाषी ख्रिस्ती कुटुंबात झाला. इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांचाही जन्मदिवस हाच. त्यांच्याविषयी आईच्या मनात आदर असल्यामुळे थोरल्या मुलाचे नाव जॉर्ज ठेवण्यात आले. पुढे आयुष्यभर सत्तेशी झुंजणाऱ्या माणसाचे नाव एका सम्राटावरून पडावे, हा योगायोग मौजेचा खरा. सोळाव्या वर्षी, १९४६ मध्ये, धर्मगुरू होण्याच्या शिक्षणासाठी त्यांना बंगळूरच्या सेंट पीटर्स सेमिनरीत पाठविण्यात आले. तेथे ते लॅटिन शिकले, तत्त्वज्ञान वाचू लागले आणि सुमारे अडीच वर्षांनी बाहेर पडले. आपल्या बाहेर पडण्याचे कारण त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे : अधिकारी धर्मगुरू उंच मेजावर बसून चांगलेचुंगले जेवत आणि विद्यार्थ्यांच्या वाट्याला वेगळे अन्न येई. मराठीत ज्याला आपण पंक्तिप्रपंच म्हणतो, तोच हा. बंगळूरच्या त्या भोजनगृहात मनात रुजलेला सल पुढे त्यांच्या असंख्य भाषणांतून निरनिराळ्या रूपांत प्रकट झाला. दोन ताटांतील फरक दाखवून द्यायचा आणि तो कोणी निर्माण केला असे विचारायचे, ही त्यांची मूळ युक्तिवादपद्धती होय.

मंगळुरास परतून त्यांनी हॉटेल आणि वाहतूक कामगारांत काम सुरू केले आणि लवकरच मुंबई गाठली. आरंभीचे दिवस हलाखीचे होते. रात्री चौपाटीवरील बाकांवर काढाव्या लागत आणि पोलीस येऊन उठवीत. एका वृत्तपत्रात मुद्रितशोधकाची नोकरी मिळाली. गोदी कामगारांचे पुढारी प्लासिड डिमेलो आणि समाजवादी विचारवंत डॉ. राममनोहर लोहिया या दोघांचे संस्कार त्यांच्यावर याच काळात झाले. डिमेलोंकडून त्यांनी संघटना उचलली आणि लोहियांकडून प्रतिपक्षाला नाव घेऊन ललकारण्याची रीत. १९५८ मध्ये डिमेलोंचे निधन झाल्यावर मुंबईच्या कामगार चळवळीतील मोठी जबाबदारी फर्नांडिस यांच्याकडे आली. गोदी, महापालिका, बस, टॅक्सी, उपाहारगृहे अशा ठिकाणी मुंबईचे जीवन ज्यांच्या हातावर चालते, परंतु ज्यांची मुंबईस फारशी ओळख नसते, अशा लोकांना त्यांनी एकत्र आणले. कोंकणी, तुळू, कन्नड, मराठी, हिंदी आणि इंग्रजी या भाषा त्यांना बोलता येत. गोदीच्या दारावर उभ्या असलेल्या जमावात उडपीचा पोऱ्या, कोकणातला खलाशी आणि उत्तरेकडचा हमाल एकाच वेळी असत आणि प्रत्येकाला हा माणूस आपल्याशीच बोलतो असे वाटे. बहुभाषिकत्व ही त्यांच्या बाबतीत विद्वत्तेची बाब नव्हती, ते संघटनेचे हत्यार होते. ‘बंदसम्राट’ ही पदवी वृत्तपत्रांनी त्यांना याच वर्षांत बहाल केली. ती स्तुती होती की उपहास, हे वाचणाऱ्याच्या खिशावर अवलंबून असे.

१९६७ च्या लोकसभा निवडणुकीत ते दक्षिण मुंबईत स. का. पाटील यांच्याविरुद्ध उभे राहिले. पाटील हे मुंबई काँग्रेसचे सर्वाधिकारी, शिवाय विद्यमान रेल्वेमंत्री. त्यांचा पराभव ही कल्पनाच लोकांना अशक्य वाटे. फर्नांडिस यांच्या प्रचाराचा सारा भर या ‘अशक्य’ शब्दावरच होता. पाटलांना परमेश्वरही हरवू शकणार नाही असे ते मानतात, परंतु तुम्ही हरवू शकता, अशा आशयाची भित्तिपत्रके शहरभर लागली. येथे उमेदवाराने स्वतःचे गुणगान केलेले नाही. बलवंताच्या गर्वाचे वाक्य घेऊन ते मतदाराच्या हाती दिले आहे. पाटील हरले आणि एका महानगराचे अनभिषिक्त राजेपद संपुष्टात आले. १९७१ च्या लाटेत मात्र फर्नांडिस स्वतः याच शहरात मोठ्या फरकाने पराभूत झाले.

त्यांच्या लढाऊ वाणीचा कळस रेल्वे संपाच्या वेळी दिसतो. १९७३ मध्ये ते अखिल भारतीय रेल्वे कामगार महासंघाचे अध्यक्ष झाले. कामाचे तास आठ असावेत, वेतन इतर सार्वजनिक उद्योगांच्या बरोबरीचे असावे आणि बोनस मिळावा, या मुख्य मागण्या होत्या. इंजिनावर काम करणाऱ्यांना किती तास राबावे लागे, हे ज्याने पाहिले असेल त्याला त्या अवाजवी वाटणार नाहीत. मार्च १९७४ मधील एका भाषणात फर्नांडिस यांनी कामगारांपुढे एक हिशेब मांडला. सात दिवस रेल्वे थांबली तर औष्णिक वीजकेंद्रे बंद पडतील. दहा दिवस थांबली तर पोलाद कारखान्यांच्या भट्ट्या विझतील आणि त्या पुन्हा पेटवायला नऊ महिने लागतील. पंधरा दिवस थांबली तर देश उपाशी राहील. या युक्तिवादाची रचना पाहण्यासारखी आहे. त्यात विशेषणे जवळजवळ नाहीत. आकड्यांमागून आकडे येतात आणि प्रत्येक पायरीवर ऐकणाऱ्याला आपले सामर्थ्य वाढलेले दिसते. ज्याने आयुष्यभर स्वतःला यंत्राचा एक खिळा मानले, त्याला हे भाषण सांगते की यंत्र तुझ्यावाचून चालत नाही.

परंतु याच भाषणाची दुसरी बाजूही आहे. ‘देश उपाशी राहील’ हे शब्द कामगारांना जितका धीर देतात, तितकेच ते सरकारला कठोर उपायांचे निमित्त पुरवितात आणि तटस्थ नागरिकाला दूर लोटतात. २ मे रोजी लखनौ येथे फर्नांडिस यांना अटक झाली; ८ मे रोजी संप सुरू झाला. सुमारे सतरा लाख कामगारांचा संबंध असलेला हा संप सरकारने हजारो अटका, बडतर्फी आणि वसाहतींतून हुसकावणी यांच्या बळावर तीन आठवड्यांत मोडून काढला. बोनसचे तत्त्व रेल्वे कामगारांच्या पदरात पडले ते १९७९ मध्ये.

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी पुकारली गेली तेव्हा ते ओरिसातील गोपाळपूर येथे होते. कधी कोळ्याच्या, कधी शीख गृहस्थाच्या वेषात त्यांनी जवळजवळ एक वर्ष भूमिगत राहून काढले. या काळातील काही अत्यंत दुःखद घटना बंगळूर शहराशी निगडित आहेत. मे १९७६ मध्ये त्यांचे बंधू लॉरेन्स यांना बंगळुरात पोलिसांनी नेले आणि जॉर्ज कोठे आहेत हे वदवून घेण्यासाठी त्यांचा अमानुष छळ केला. त्याच सुमारास ‘संस्कार’ या कन्नड चित्रपटातील अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांना पकडून बंगळूरच्या मध्यवर्ती तुरुंगात ठेवण्यात आले. त्यांना दम्याचा तीव्र विकार होता. १५ जानेवारी १९७७ रोजी त्यांची पॅरोलवर सुटका झाली आणि पाचच दिवसांनी त्या वारल्या. अखेरच्या आरोपपत्रात त्यांचे नावही नव्हते. याच तुरुंगात अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि राजापूरचे खासदार प्रा. मधू दंडवते यांनाही डांबलेले होते; संसदीय समितीच्या कामासाठी ते शहरात आले असतानाच त्यांना अटक झाली. आज त्या जागी ‘फ्रीडम पार्क’ हे उद्यान आहे. पुढाऱ्याने पेटवलेल्या लढ्याची किंमत नेहमी पुढारीच मोजतो असे नाही, हे या प्रकरणात विसरता येत नाही.

जॉर्ज यांना जून १९७६ मध्ये कलकत्त्यात अटक झाली आणि बडोदा डायनामाइट कटाचा खटला उभा राहिला. हातात बेड्या आणि साखळदंड, तरी मूठ वर उचललेली, असे त्यांचे त्या वेळचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यांच्या साऱ्या भाषणांत ते सर्वांत परिणामकारक म्हणावे लागेल. त्यात एकही शब्द नाही. १९७७ मध्ये तुरुंगातूनच निवडणूक लढवून ते बिहारमधील मुझफ्फरपूर येथून तीन लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आले. जनता सरकारने तो खटला मागे घेतला.

उद्योगमंत्री म्हणून परकीय कंपन्यांना भागभांडवल कमी करण्याबाबत त्यांनी दिलेली तंबी आणि १९७७ मध्ये कोका-कोलाचे भारतातून निघून जाणे सर्वांना ठाऊक आहे. त्यापेक्षा बोधप्रद प्रसंग जुलै १९७९ चा होय. यशवंतराव चव्हाण यांनी मोरारजी सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला, तेव्हा फर्नांडिस यांनी लोकसभेत सरकारचे तडाखेबंद समर्थन केले आणि त्यानंतर काही दिवसांतच ते सरकारच्या विरुद्ध बाजूला जाऊन बसले. मधू लिमये यांचा आग्रह त्यामागे होता असे सांगितले गेले. कारण काहीही असो, लढवय्याच्या शब्दावर लोकांचा जो विश्वास असतो त्याला त्या दिवसांत गेलेला तडा पुरता कधी बुजला नाही.

१९८४ मध्ये ते बंगळूर उत्तर मतदारसंघात उभे राहिले. ज्या शहराने त्यांना पंक्तिप्रपंच दाखविला, ज्या शहरात भावाने मार खाल्ला, तेथे त्यांनी मते मागितली आणि सी. के. जाफर शरीफ यांनी त्यांचा पराभव केला. शरीफ हे तोवर रेल्वे राज्यमंत्री होते. रेल्वे या गृहस्थांचा पिच्छा सोडीत नव्हती. १९८९ मध्ये तर ते स्वतःच रेल्वेमंत्री झाले आणि अर्थमंत्री दंडवते यांच्या साहाय्याने जुलै १९९० मध्ये कोंकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. रोह्यापासून मंगळुराजवळच्या ठोकूरपर्यंतचा हा मार्ग जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण झाला. रेल्वे थांबविण्याची धमकी देणाऱ्या माणसाच्या नावावर असा लोहमार्ग जमा आहे, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांनीही मान्य केली पाहिजे.

१९९४ मध्ये त्यांनी समता पक्ष स्थापिला आणि लवकरच ज्या पक्षावर पूर्वी कठोर टीका केली त्याच भारतीय जनता पक्षाशी हातमिळवणी केली. १९९८ मध्ये ते संरक्षणमंत्री झाले. अधिकारपदावर येताच मे महिन्यात त्यांनी चीन हा भारतापुढील क्रमांक एकचा संभाव्य धोका असल्याचे विधान केले. वृत्तपत्रांतून त्याचे रूपांतर ‘क्रमांक एकचा शत्रू’ असे झाले आणि राजनैतिक वादळ उठले. १९५६ मध्ये सोव्हिएत नेते क्रुश्चेव्ह यांनी पाश्चात्त्य राजदूतांसमोर ‘आम्ही तुम्हाला गाडू’ असे उद्गार काढले होते आणि आपल्याला इतिहासाचा न्याय अभिप्रेत होता, असा खुलासा त्यांना वर्षानुवर्षे करावा लागला. गोदीच्या दारावर जे शब्द जमावाला उभारी देतात, ते मंत्र्याच्या मुखातून निघाले की दूतावासांच्या तारांतून प्रवास करू लागतात. फर्नांडिस यांना हा फरक मानवला नाही, किंवा मान्यच नव्हता. सियाचेनच्या जवानांसाठी हिमस्कूटर खरेदी करण्याची फाइल अडकून पडली, तेव्हा संबंधित अधिकाऱ्यांनाच सियाचेनला पाठविण्याचे त्यांनी फर्मान काढले. येथे जुना जॉर्ज दिसतो : दोन ताटे, दोन पंगती.

मार्च २००१ मध्ये तेहलका प्रकरणानंतर त्यांनी राजीनामा दिला. ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा मंत्री झाले. विरोधकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि ते बोलायला उठले की सभागृहाचा मोठा भाग बाहेर पडू लागला. वक्त्याला याहून कडक शिक्षा असत नाही. ३० एप्रिल २००२ रोजी गुजरातमधील हिंसाचारावरील चर्चेत मात्र ते असे बोलले की त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांच्याही माना खाली गेल्या. स्त्रियांवरील अत्याचार या देशात प्रथमच घडत आहेत असे नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा सूर होता. त्या दिवशी त्यांचा युक्तिवाद प्रथमच पीडितांच्या बाजूने नव्हे, तर सत्तेच्या बचावासाठी उभा होता, आणि समर्थनार्थ दिलेला इतिहासाचा दाखला कोणाच्याही गळी उतरला नाही.

२००९ मध्ये पक्षाने उमेदवारी नाकारल्यामुळे ते मुझफ्फरपूर येथे अपक्ष म्हणून लढले आणि हरले. त्यानंतर राज्यसभेत अल्पकाळ सदस्यत्व मिळाले, परंतु तोवर स्मृतिभ्रंशाच्या आजाराने त्यांना घेरले होते. शेवटची अनेक वर्षे त्यांनी दिल्लीत जवळजवळ निःशब्द काढली. २९ जानेवारी २०१९ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.