हॉस्पिस मुंबईत, रुग्ण मात्र गावातच

प्रश्न : मी धानोऱ्याची, बारावी सायन्सला आहे. नर्सिंग किंवा एमबीबीएस करायचं आहे. हॉस्पिसमध्ये स्वयंसेवा केली तर फायदा होईल का?

उत्तर : एमबीबीएसचा प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर होतो, सेवेच्या प्रमाणपत्राने तिथे एक गुणही वाढत नाही. तरीही ही सेवा जरूर करावी, कारण हा पेशा आपल्याला झेपेल का, याचं उत्तर पुस्तकात सापडत नाही. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्यातलं सिप्ला केंद्र १९९७ पासून बऱ्या न होणाऱ्या कॅन्सररुग्णांची काळजी घेत आहेत. ही दोन्ही हॉस्पिस तुमच्यापासून लांब आहेत, पण त्यामुळे अडायला नको. केरळमध्ये प्रशिक्षित स्वयंसेवकांनी घरोघरी जाऊन हेच काम उभं केलं. तुम्हीही आशाताईंना आणि उपकेंद्रातल्या सिस्टरना विचारून, घरच्यांची संमती घेऊन, अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या आजीकडे आठवड्यातून एक तास जा. कोरडे पडलेले ओठ ओल्या कापसाने कसे टिपायचे, पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस कशी बदलायची, हे सिस्टरकडून शिकून घ्या. औषधांना मात्र हात लावू नका.

‘कोवळ्या वयात मरण कशाला पाहायचं?’ असं घरचे म्हणतील. त्यांची काळजी रास्त आहे. म्हणूनच एकटीने जाऊ नका आणि झोप उडाली तर बेलाशक थांबा. पण वेदनेजवळ बसवत नाही, हे पदवीनंतर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. अभ्यास बुडेल म्हणाल, तर परीक्षा होऊ द्या आणि मग सुरुवात करा.